दोन वर्ग, एक फोन, सकाळचे अकरा : सोलापुरातल्या एका घराचा कोरोनाकाळातला शाळाखर्च

हे प्रकरण सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कुटुंबाचं आहे. घरात सहा माणसं. नवरा यंत्रमागावर, टॉवेलच्या कारखान्यात. बायको घरी विड्या वळते. म्हातारी सासू. दोन मुली एकाच अनुदानित मराठी शाळेत, २०२० च्या जूनमध्ये थोरली नववीत गेली आणि मधली सहावीत. धाकटा मुलगा विनाअनुदानित इंग्रजी शाळेत, दुसरीत. मुली मराठी माध्यमात आणि मुलगा इंग्रजीत, ही वाटणी या भागात इतकी सरसकट आहे की तिच्याबद्दल कुणी विचारतही नाही. पुढे हिशोबात मात्र तिचा संबंध येणार आहे.

घरी तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. आई सही करते, आकडे वाचते, पण मराठी मजकूर तिला वाचता येत नाही. म्हणून घराचा हिशोब थोरलीकडे. तिच्या शंभर पानी वहीत पुढून विज्ञान आणि मागून उधारी. किराणा, दूध, विडी कारखान्याकडून आलेली मजुरी, छाटीत गेलेल्या (कारखान्याने नाकारलेल्या) विड्या, शाळेचा खर्च, सगळं तारखेवार. मी या भागातल्या बचत गटांचे हिशोब बघतो, त्यामुळे ती वही माझ्यापुढे आली. ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे काही तपशील बदलले आहेत, शाळांची नावं दिलेली नाहीत.

आधीचा जून

२०१९ च्या जूनपासूनच्या वर्षाच्या खर्चाचं पान आधी बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तिन्ही मुलांचा मिळून शाळेचा खर्च ५,८०० रुपये, फी सोडून. त्यात वह्या ९००, गणवेश १,१००, बूट ५५०, दप्तर-कंपास-किरकोळ ६५०. उरलेले २,६०० एकट्या धाकट्याच्या ‘किट’चे, म्हणजे शाळेने ठरवलेल्या पुस्तकांच्या संचाचे. शाळेने ठरावीक दुकानातून खरेदीची सक्ती करू नये असा शासनाचा आदेश जुनाच आहे, पण किट शाळेतच मिळतं आणि बाहेर ती पुस्तकं सापडत नाहीत. त्यामुळे आदेश असून नसल्यासारखा.

मुलींचा खर्च एवढा कमी कसा? अनुदानित शाळेत पहिली ते आठवी बालभारतीची पुस्तकं समग्र शिक्षा अभियानातून फुकट मिळतात, हे एक. दुसरं कारण घरातलं. नवा गणवेश थोरलीला, तिचा जुना मधलीला. दप्तराची चेन बदलली की ते आणखी दोन वर्षं जातं. कंपास पेटीत कर्कटक तेवढं नवं. वह्या डझनावर आणायच्या, त्याही निम्म्या जूनमध्ये आणि निम्म्या दिवाळीनंतर. स्टेशनरीवाला ओळखीचा, तो उधारी लिहून ठेवतो आणि विडीची मजुरी आली की थोडी थोडी घेतो. मुलींची मावशी गणवेशाच्या कारखान्यात शिलाईला जायची. कारखान्यातून स्वस्तात मिळालेलं कापड आणून ती शिलाई न घेता शिवून द्यायची.

म्हणजे या घरात शालेय साहित्य तीन प्रकारे स्वस्त होत होतं. वस्तू एका मुलाकडून दुसऱ्याकडे जात होती, ती तुकड्या-तुकड्यांनी घेता येत होती, आणि पैसे नसले तरी ओळखीवर मिळत होती. फोनच्या बाबतीत यातलं एकही चाललं नाही. माझ्या मते या प्रकरणाचं मर्म तेच आहे. वस्तू महाग झाल्या हे खरं, पण त्याहून मोठं नुकसान खर्च वाटून घेण्याची पद्धत मोडली त्यानं केलं.

मिळकत बंद, शाळा सुरू

मार्च २०२० च्या मध्यावर शाळा बंद झाल्या आणि २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. १२ एप्रिलला शहरातला पहिला रुग्ण पाच्छा पेठेत सापडला आणि महिनाअखेरीला केंद्राच्या यादीत सोलापूर रेड झोनमध्ये होतं. माग बंद. विडी कारखाने बंद म्हणजे पान, तंबाखू, सूत मिळणं बंद. विडी वळणाऱ्या बाईला घरबसल्या काम असतं असं बाहेरच्यांना वाटतं, पण कच्चा माल कारखान्यातून आणावा लागतो आणि वळलेल्या विड्यांचे कट्टे तिथेच नेऊन मोजून द्यावे लागतात. कारखान्याचं दार बंद झालं की विड्या वळायचं सूप रिकामं.

माग पुन्हा लागले तेव्हा आठवड्यातून चारच दिवस काम. आधी अडीच हजारांच्या आसपास असलेला आठवडी पगार दीड हजारावर आला. त्यात १५ जूनपासून शैक्षणिक वर्ष सुरू झालं, ऑनलाइन. घरात तेव्हा नवऱ्याचा बटणाचा फोन होता, एवढंच.

पहिले काही आठवडे शेजारणीच्या मुलाच्या फोनवर भागलं. त्याच्या फोनवर तीन घरांतल्या पोरांचे ग्रुप. गृहपाठ संध्याकाळी तो कामावरून आला की बघायचा. जुलैत १६ तारखेपासून शहरात दहा दिवस कडक टाळेबंदी जाहीर झाली आणि त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत नवी पेठेच्या बाजारात झुंबड उडाली. आठवड्यापूर्वी चार हजार सांगितलेला सेकंड हँड फोन साडेचार हजाराला घ्यावा लागला. मे-जूनमध्ये देशभर स्वस्त फोनचा तुटवडा होता, कारखाने बंद होते आणि ज्याच्या-त्याच्या घरी शाळा भरायला लागली होती. दुकानदाराने भाव वाढवला यात नवल नाही.

हे साडेचार हजार आले कुठून हे बघण्यासारखं आहे. बाईच्या नावावर मायक्रोफायनान्सचं जुनं गटकर्ज होतं. रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबणीवर टाकायला आधी मेअखेर आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत सवलत दिली. न भरलेले हप्ते म्हणजे हातात राहिलेले पैसे, असा सरळ हिशोब घरात झाला आणि त्यातून पहिला फोन आला. व्याज चालू राहतं हे कुणीतरी सांगितलं होतं. पण व्याज नंतर, तास उद्या.

अकराचा तास

फोन आला आणि पंधरा दिवसांत भांडण आलं. नववीचा तास सकाळी अकराला आणि सहावीचाही अकरालाच. धाकट्याच्या शाळेचा व्हिडिओ वर्ग साडेनऊला सुरू होई आणि कधी अकरा ओलांडून जाई. त्यात व्हिडिओ म्हणजे डेटा खाणार. रोजच्या दीड जीबीतला बराचसा त्याच्यावर गेला की दुपारी थोरलीला सरांनी पाठवलेलं पीडीएफ उघडेना.

आई विड्या वळायला बसायची तिथेच शाळा भरायची. मांडीवर सूप, बाजूला भिजवलेली पानं ओल्या फडक्यात, पत्र्याचा साचा, कात्री. फोन सुपाच्या कडेला टेकवून ठेवलेला, कारण दारातली तेवढीच जागा रेंजची. मुलगा ‘येस मिस’ म्हणतोय, मधली मागून ओढतेय, आई हातातलं सूत न सोडता दोघांना दटावतेय. सासूबाईंचं एकच, “पोरं शिकलालेत की मोबाईल बघलालेत, आम्हाला काय कळतंय.” तंबाखूची धूळ चार्जिंगच्या भोकात जायची. डिसेंबरात तो फोन त्या ओढाओढीत शहाबादी फरशीवर पडला आणि डिस्प्ले गेला, दुरुस्तीचे १,४००. पण दुसरा फोन घ्यायचं ठरलं ते त्याच्या बरंच आधी, ऑगस्टच्या शेवटी.

फुकटचे पर्याय नव्हते असं नाही. २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली होती, पहिली ते आठवीच्या मुलांसाठी, बालभारतीच्या अभ्यासावर. मधली ती काही आठवडे बघत होती आणि तिला आवडतही होती. पण शाळेतली हजेरी लागायची ती ग्रुपवर गृहपाठाचा फोटो टाकला तर. टीव्ही बघणाऱ्या पोरीची हजेरी कशी मांडणार? म्हणून टीव्ही बाजूला राहिला. पाठ्यपुस्तकांत फोनने वाचायचे क्यूआर कोड होते. मुलींच्या शिक्षणाच्या आणि क्यूआर कोडच्या कामासाठी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, अख्ख्या जिल्ह्याला अभिमान वाटला, तसा या घरालाही. पण पुस्तक सरकारकडून फुकट आलं तरी त्यातला कोड वाचायला लागणारं यंत्र घरानेच आणायचं होतं.

दुसरा फोन नवा घेतला, ७,४९९ रुपयांचा. पहिला भरणा १,९९९, उरलेल्याचे सहा हप्ते ९१७ रुपयांचे. ‘शून्य टक्के व्याज’ असं पाटीवर होतं, प्रोसेसिंगचे ३९९ बिलात निघाले. काचेचं आणि कव्हरचं २५० धरून तो फोन घराला ८,१५० ला पडला. अजून एक गोष्ट त्यांना दुकानात कुणी सांगितली नाही आणि सांगून उपयोगही नव्हता : मोबाईलवरचा जीएसटी १ एप्रिल २०२० पासूनच १२ टक्क्यांवरून १८ टक्के झाला होता. ७,४९९ च्या फोनवर हा फरक सुमारे ३८० रुपयांचा होतो. निर्णय मार्चमध्ये, टाळेबंदीच्या आधीच झालेला, त्यात शाळेचा संबंध नव्हता. पण नंतर तीन महिन्यांत फोन शाळेचं साहित्य झाला आणि कराचा दर मात्र तोच राहिला. पाठ्यपुस्तकावर शून्य, वहीवर तेव्हा १२, फोनवर १८.

हप्ते सप्टेंबरपासून सुरू झाले. त्याच महिन्यात गटकर्जाची सवलत संपली. दोन्ही एकदम.

वही काय सांगते

जून २०२० ते एप्रिल २०२१, फी सोडून :

सेकंड हँड फोन – ४,५००
नवा फोन, सगळं धरून – ८,१५०
रिचार्ज – ३,९८०
डिस्प्ले – १,४००
प्रिंट, झेरॉक्स – ६२०
हेडफोन (तीनदा) – ३५०
वह्या – ४८०
नववीची पुस्तकं, जुनी – ३००
धाकट्याचं किट – ३,१००
गणवेश, बूट, दप्तर – ०

एकूण २२,८८० रुपये. आधीच्या वर्षीच्या जवळजवळ चौपट, तेही पगार कमी झालेल्या वर्षी.

यातल्या रिचार्जकडे लोक दुर्लक्ष करतात. दोन फोनवर मिळून वीस वेळा १९९ चा पॅक मारला गेला. तो २८ दिवसांचा, त्यामुळे वर्षाचे बारा नाही, तेरा होतात. तेव्हा एका कंपनीचा ८४ दिवसांचा तसाच पॅक ५५५ ला होता, म्हणजे तीन वेळा १९९ भरण्यापेक्षा ४२ रुपये कमी. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीने वहीत मांडूनही दाखवलं होतं. पण ज्या आठवड्यात रिचार्ज संपतो त्या आठवड्यात ५५५ हातात असायला हवेत ना! वह्यांची उधारी स्टेशनरीवाला थांबवतो, रिचार्ज संपला की तास त्याच क्षणी बंद. गरिबाला तीच वस्तू महाग पडते, त्याचं याहून साधं उदाहरण मला सापडलेलं नाही.

प्रिंटचे ६२० हे मुख्यतः धाकट्याचे. दुसरीतल्या पोराला रंगवायला वर्कशीट पाठवायच्या, त्या पालकांनी छापून घ्यायच्या. शाळेचा कागद आणि शाई घराच्या खात्यावर गेली, फीमध्ये मात्र ते दिसलं नाही.

शून्याची ओळ वाचून कुणी म्हणेल, चला, गणवेशाचे तरी वाचले. त्या वाचलेल्या पैशाचं दुसरं टोक याच नात्यात आहे. सोलापूर हे शालेय गणवेशाच्या उत्पादनाचं मोठं केंद्र, इथून माल परराज्यांत जातो. २०२० चा हंगाम गेला, देशभरच्या शाळा बंद, ऑर्डरी नाहीत. मुलींची मावशी कॉलर-बाह्या जोडण्याचं नगावरचं काम करायची, ते थांबलं. एका बहिणीच्या वहीत गणवेशाचा खर्च शून्य आणि दुसरीच्या घरात त्याच गणवेशाची मजुरी शून्य. मावशीच्याही दोन पोरांना फोन हवाच होता.

विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर. रक्कम फोनच्या किमतीच्या जवळपासही नव्हती, आणि अर्ज भरायलाही फोन किंवा नेट कॅफे. या घराने त्या वर्षी तो भरला नाही.

जे टाळता आलं असतं

ऑक्टोबरमध्ये मधलीच्या वर्गशिक्षकांनी हजेरी कमी का म्हणून फोन केला. आईनेच घेतला. बोलणं थोरलीने मला सांगितलं ते असं :

“सर, दुसरा फोन घेतला तरी धाकट्याचा वर्ग लांबला की पोरीचा तास जातो. दोघींचा तास पण एकदमच लागतोय अकराला.”

“अहो ताई, मग आधी सांगायचं ना. वर्गात अजून सात-आठ जणांचं असंच आहे. मी संध्याकाळी सातला घेतो.”

आणि त्यांनी घेतला. पुढच्या आठवड्यापासून सहावीचा तास संध्याकाळी सातला. त्यांना त्यासाठी कुणाची परवानगी लागली नाही, पैसे लागले नाहीत.

हा बदल जुलैत झाला असता तर धाकट्याचा वर्ग सकाळी, थोरलीचा अकराला, मधलीचा सातला असं एका फोनवर ओढूनताणून भागलं असतं. धाकट्याचा तास लांबला तर थोरलीची पाच-दहा मिनिटं गेली असती, एवढंच. ८,१५० रुपयांचा फोन, त्याचे नऊ रिचार्ज म्हणजे १,७९१, असे जवळपास दहा हजार रुपये एका वेळापत्रकाचे आहेत. वर्षाच्या एकूण खर्चातला हा चाळीस टक्क्यांहून मोठा भाग. किमती, कर, तुटवडा यावर शाळेचा काही ताबा नव्हता. अकराच्या तासावर होता.

मग आईने आधी का सांगितलं नाही? “लाज वाटली,” एवढंच ती म्हणाली. मला ते पूर्ण खरं वाटत नाही. विचारणार कुणाला होती? ग्रुपवर फक्त शिक्षकांचे मेसेज यायचे, पालकांना लिहायची मुभा नव्हती. शाळेच्या फॉर्मवर ‘घरी स्मार्टफोन आहे का’ हा प्रश्न होता, त्यापुढे ‘आहे’ वर खूण केली होती. त्या फोनवर किती मुलं शिकतात हा प्रश्न फॉर्मवर नव्हता. एकाच शाळेत दोन बहिणी आहेत हे शाळेच्या हजेरीपटावरून दिसत होतंच, पण नववीचं वेळापत्रक एकाने केलं आणि सहावीचं दुसऱ्याने. शिक्षकांना दोष द्यायला मी तयार नाही. तेही सर्वेक्षणाच्या आणि कोरोनाच्या इतर ड्यूट्या करून तास घेत होते. चूक मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या एका कोऱ्या कागदाची आहे : भावंडांची यादी कुणी केलीच नाही.

पुढचं वर्ष

हप्ते फेब्रुवारीत संपले. गटकर्ज लांबलं, त्याचं वाढलेलं व्याज २०२१ च्या दिवाळीपर्यंत फिटत होतं. दुसऱ्या लाटेत शाळा पुन्हा बंदच. ४ ऑक्टोबर २०२१ पासून शहरांत आठवी ते बारावीचे वर्ग प्रत्यक्ष भरवायचं राज्य सरकारने ठरवलं, खालचे वर्ग डिसेंबरपासून.

तेव्हा वहीतली शून्याची ओळ उसळून वर आली. दीड वर्षात तिन्ही मुलं वाढली होती. थोरलीचा आठवीतला गणवेश तिला होईना, आणि मधली इतकी उंच झालेली की तो तिलाही आखूड. साखळी तुटली. तीन गणवेश, तीन जोड बूट, एकदम घ्यावे लागले, ३,९०० रुपये. २०२१ मध्ये सुताचे भाव चढले होते, कापड महागलं होतं. मावशीने शिवून दिले असते, पण कारखान्यात ती परत गेलेली नव्हती. त्यामुळे कारखान्याच्या दरातलं कापड नाही. तिने धुण्याभांड्याची तीन घरं धरली होती आणि घरातली शिलाई मशीन विकली होती.

दुसरा फोन विकायचाही विचार झाला. दुकानात २,२०० सांगितले. थोरली दहावीत होती, तिने विकू दिला नाही.

वह्यांच्या ४८० बद्दल मात्र मला शंका आहे. आधीच्या वर्षी ९०० होते, ते जवळपास निम्मे झाले, आणि वाचले म्हणून घरात कुणी त्यावर बोललं नाही. वह्या कमी लागल्या कारण लिहिणंच कमी झालं. गृहपाठ म्हणजे एका पानाचा फोटो. मार्च २०२२ ची दहावीची परीक्षा लेखी झाली तेव्हा मुलांचा लिहिण्याचा सराव तुटलाय हे बोर्डाने मान्य केलं आणि ८० गुणांच्या पेपरला अर्धा तास जास्त दिला. थोरलीने गणिताचे पेपर पूर्ण केले, सामाजिक शास्त्रांत शेवटचे दोन प्रश्न लिहायचे राहून गेले. हात दुखतो म्हणाली. परीक्षेआधीच्या जानेवारीत तिने सरावासाठी डझनभर दोनशे पानी वह्या आणल्या होत्या, स्टेशनरीवाल्याकडून उधारीवर.